राणीच्या बागेचे आधुनिकीकरण कोणासाठी?

सार्वजनिक मालमत्तेचा प्रश्न आला की सत्ताधारी जनतेपुढे दोन खोटे पर्याय ठेवतात : आधुनिकीकरण स्वीकारा, नाहीतर जुन्यापुराण्याला कवटाळून बसा. भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानाच्या, म्हणजेच राणीच्या बागेच्या बाबतीत गेली सुमारे दोन दशके हाच खेळ चालू आहे. एका बाजूला वातानुकूलित काचघरांचे स्वप्न, दुसऱ्या बाजूला कमानी आणि घड्याळाचा मनोरा. या झगड्यात बागेचे खरे धनी कोण, हे मात्र कोणी विचारीत नाही.

१८६२ साली ही बाग लोकांसाठी खुली झाली. तिची कमान, डेव्हिड ससून यांच्या नावाचा मनोरा, १८७२ साली उघडलेले वस्तुसंग्रहालय ही सारी साम्राज्याच्या वैभवाची चिन्हे होती, हे नाकारण्याचे कारण नाही. मग समाजवाद्यांनी त्यांचा कैवार का घ्यावा? कारण ज्यांच्यासाठी ती उभारली त्यांच्यापेक्षा ज्यांनी ती वापरली त्यांचा हक्क मोठा आहे. दहा बाय दहाच्या खोलीत संसार करणाऱ्या गिरणी कामगाराला मुलाबाळांसह रविवारी झाडाखाली बसण्यासाठी हीच जागा होती. प्रजासत्ताकाला राजे बाजूला सारता येतात. काळ्या घोड्यावरचा सातवा एडवर्ड १९६५ साली याच बागेत येऊन स्थिरावला. पण सुमारे तीन हजार झाडांची बाग आणि दगडी वास्तू ही श्रमिकांनी वापरून आपलीशी केलेली संपत्ती आहे.

परंतु वारसाप्रेमी मंडळींनाही एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. पिंजरा हा वारसा नव्हे. सिमेंटच्या फरशीवर लोखंडी गजांमागे जनावराने जन्म काढावा, यात जतन करण्यासारखे काही नाही. लंडनच्या रीजंट्स पार्कमधील १९३४ सालचा पेंग्विन तलाव स्थापत्याचा उत्कृष्ट नमुना मानला जातो. २००४ साली पेंग्विन तेथून हलवावे लागले, कारण ते काँक्रीट त्यांच्या पायांना मानवणारे नव्हते. संरक्षित वास्तू म्हणून तलाव तसाच राखला गेला. म्हणजे वास्तू जपता येते आणि तिच्यातला बंदिवासही संपवता येतो. मद्रासने १९८५ साली गर्दीच्या वस्तीतले जुने प्राणिसंग्रहालय शहराबाहेर वंडलूरच्या विस्तीर्ण जागेत नेले. या मार्गाचा मुंबईत गंभीरपणे विचार का होऊ नये?

येथे घडले ते उलटेच. २००७च्या सुमारास थायलंडमधील एका कंपनीच्या आराखड्यानुसार सुमारे ४३३ कोटींची योजना पुढे आली. जागरूक नागरिकांचा, विशेषतः स्त्रियांचा, विरोध आणि वारसा समितीचे आक्षेप यांमुळे ती छाटावी लागली. पण त्यामागची वृत्ती छाटली गेली नाही. २०१६ साली दक्षिण कोरियातून आठ हम्बोल्ट पेंग्विन आणले गेले. त्यांपैकी एक काही महिन्यांतच मेला. १९९८च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने देशातील जैवविविधतेचे रक्षण हा प्राणिसंग्रहालयांचा मुख्य हेतू ठरविला आहे. पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचा पक्षी मुंबईच्या उकाड्यात यंत्रांच्या थंडाव्यात जगविण्याने हा हेतू कसा साधतो?

यावर ठरलेले उत्तर येते की, गर्दी वाढली आणि उत्पन्नही वाढले. २०१७ साली प्रवेशशुल्क पाच रुपयांवरून पन्नास झाले, म्हणजे दसपट. उत्पन्न वाढले यात नवल ते काय? पण सार्वजनिक उद्यान हा नफ्याचा व्यवसाय नव्हे. हाच निकष लावायचा तर उद्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या दारावरही तिकीट लावावे लागेल. दाराशी आलेल्यांची मोजदाद होते. भाव ऐकून जे आलेच नाहीत त्यांचा हिशेब कोणत्याही ताळेबंदात सापडत नाही.

जमिनीचा प्रश्न याहून मोठा आहे. १९९१च्या विकास नियमावलीने गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश हिस्सा मोकळ्या जागांसाठी ठेवला होता. २००१च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या भूखंडापुरती उरली आणि २००६ साली सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती मान्य केली. गिरणगावाच्या हाती मूठभर जमीन आली. शेजारच्या मफतलाल गिरणीची जी जागा महापालिकेला मिळाली, तिच्यावरही परदेशी प्राण्यांची दालने उभारण्याचे बेत झाले. ज्यांच्या घामावर गिरणी चालली त्यांच्या नातवंडांनी त्या जागेत तिकीट काढून शिरावे, हा कसला विकास?

म्हणून मागण्या सुस्पष्ट असाव्यात. वास्तूंच्या व झाडांच्या देखभालीसाठी अंदाजपत्रकात कायम तरतूद करावी. वस्तुसंग्रहालयाच्या २००८ साली पूर्ण झालेल्या जीर्णोद्धाराने काम नेटके होऊ शकते हे दाखवून दिले आहे. नवे परदेशी प्राणी आणू नयेत. आहेत त्यांना अखेरपर्यंत उत्तम निवारा द्यावा, मोठ्या जनावरांची शहराबाहेर सोय करावी. गिरणीची जमीन खुले उद्यान म्हणून राखावी. प्रवेश नाममात्र शुल्कात असावा.

हा लढा केवळ वास्तुतज्ज्ञांच्या समित्यांवर सोपवून चालणार नाही. भायखळा, लालबाग, परळच्या चाळींतून तो उभा राहिला, तरच राणीची बाग लोकांची बाग राहील.