टायर गोटा होईपर्यंत थांबायचे कशाला?



जिल्हा मेळाव्यात आम्ही उत्पादनखर्चाचा हिशेब मांडतो. बियाणे, खत, फवारणी, निंदण, वेचणी, बैलजोडीचा घसारा, सगळे पैशापैशाने. मेळावा संपला की दहा-बारा माणसे एका जुन्या जीपमध्ये कोंबून गावाकडे निघतात. त्या जीपच्या चार टायरांचा हिशेब आम्ही आजवर कधी मांडला नाही. त्याची किंमत आम्हाला २०२४ च्या मे महिन्यात कळली.

भर दुपारी सभा आटोपून परतत होतो. मागचे डावे चाक फुटले, गाडी रस्ता सोडून नांगरून ठेवलेल्या रानात घुसली. काळ्या मातीच्या ढेकळांनी गाडी धरली म्हणून वाचलो. एका कार्यकर्त्याचा खांदा निखळला. पुढे दोनशे पावलांवर नाल्याचा पूल होता. लाजेची गोष्ट अशी की आम्ही आदल्याच दिवशी टायर पाहिले होते. नक्षी चांगली खोल होती. वापरलेले टायर स्वस्तात मिळाले म्हणून आम्हीच ते बसवले होते. फुटल्यावर बाजूवरचे आकडे वाचले, तर शेवटचे चार आकडे ३११३. म्हणजे २०१३ सालच्या एकतिसाव्या आठवड्यात बनलेला टायर, जवळपास अकरा वर्षांचा!

गुलाबी बोंडअळी लागलेले बोंड बाहेरून हिरवेगार दिसते, फोडल्यावर आत सरकी खाल्लेली निघते. टायरचे तसेच आहे. उन्हाने, हवेने रबर आतून कडक होत जाते, गाडी उभी असली तरी. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा दिसू लागल्या की त्याचे वय बोलू लागले म्हणून समजा. सहा वर्षांनंतर दरसाल जाणत्या माणसाला दाखवावा आणि दहा वर्षे झाली की नक्षी कितीही असो, काढून टाकावा. मागे टांगलेल्या जादा टायरलाही हेच लागू. बाजूला फुगा आला असेल तर आतले धागे तुटले आहेत. तो टायर दुसऱ्या गावापर्यंतही चालवू नये, त्याला पंक्चरवाल्याकडे इलाज नाही. (जुन्या काळी हे आतले धागे कापसाचेच असत. रेयॉन-नायलॉन आले आणि आपला कापूस टायरच्या पोटातून बाहेर पडला.)

आता नक्षीची गोष्ट. कायद्याने चारचाकीच्या टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल हवी, दुचाकीची ०.८. मोजायला यंत्र लागत नाही. मोठ्या खाचांच्या तळाशी रबराचे लहान उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. पण आमचे मत असे की तिथवरही थांबू नये. कोरड्या डांबरावर गोटा टायरही पकड देतो, म्हणून चार-सहा महिने काहीच बिघडत नाही आणि आपण निर्धास्त राहतो. खाचा आहेत त्या पाणी बाहेर फेकायला. मृगाचा पहिला पाऊस पडतो, शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरांनी रस्त्यावर काळ्या मातीचा राप चढवलेला असतो, आणि त्यावर गोटा टायर साबणासारखा सरकतो. ब्रेक दाबला तरी गाडी ऐकत नाही.

झीज कुठे आहे हेही वाचायला शिकावे. मधोमध झिजला तर हवा जास्त, दोन्ही कडांनी झिजला तर हवा कमी, एकाच कडेने झिजला तर चाकाची दिशा बिघडलेली. ते दुरुस्त न करता नवा टायर टाकणे म्हणजे वाळवी न काढता नवे दार बसवणे. आणि दोनच नवे घेणार असाल तर ते मागच्या चाकांना बसवा. आपल्याकडे पुढे बसवायची रीत आहे. पण ओल्या वळणावर मागचे चाक निसटले की गाडी गरकन फिरते, ती मग चांगल्या ड्रायव्हरलाही आवरत नाही.

आता कुणी म्हणेल, हे गाडीवाल्यांचे दुखणे, आम्हा कोरडवाहूवाल्यांना कशाला? वेचणीच्या दिवसांत पहाटे गावोगावच्या चौकात उभे राहून पाहा. एकेका गाडीत पंधरा-वीस बाया, कडेवर लेकरे. त्या आपल्याच पऱ्हाटीतला कापूस वेचायला येतात. गाडी भाड्याची असली तरी बोलावणारे आपण आहोत.

खरी अडचण पैशाची, आणि ती आम्ही नाकारत नाही. कापसाचा पैसा डिसेंबर-जानेवारीत हातात येतो. टायर दगा देतो तो मे-जूनमध्ये, जेव्हा शेवटचा रुपया बियाण्यात गेलेला असतो. म्हणून संक्रांतीच्या सुमारास चाके तपासावीत आणि त्याच पैशातून बदलावीत.

भावाचेही बोलू. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरच्या टायरवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, मोटारीच्या टायरवरचा २८ वरून १८. बरे झाले. पण पाच टायर कंपन्या आणि त्यांच्या संघटनेवर संगनमताने भाव ठरवल्याबद्दल स्पर्धा आयोगाने १,७८८ कोटींचा दंड ठोकला, तो आदेश २०२२ च्या फेब्रुवारीत उघड झाला आणि त्याच डिसेंबरात अपील न्यायाधिकरणाने प्रकरण फेरविचाराला परत पाठवले. जून २०२० मध्ये परदेशी टायरच्या आयातीवर परवान्याचे कुंपण घातले गेले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ झाले, ते वर्षअखेरपर्यंत. टायर बनवणाऱ्याला कुंपण, कापूस पिकवणाऱ्याचे फाटक उघडे! या अन्यायाविरुद्ध भांडायचेच आहे. पण भांडायला मेळाव्यापर्यंत धडधाकट पोचले पाहिजे, आणि रात्री घरी परतलेही पाहिजे.

तेव्हा पुढच्या जिल्हा मेळाव्याला गाड्या घेऊन येणाऱ्यांनी अर्धा तास आधी यावे. मंडपाबाहेर आमचे दोन कार्यकर्ते बॅटरी घेऊन उभे राहतील, प्रत्येक टायरवरचे आकडे वाचतील, खाचा पाहतील. जो टायर नापास होईल त्यावर खडूने फुली मारली जाईल. सुरुवात आमच्याच जीपपासून.