कालचा भाडेकरू, आजचा घरमालक

भुसावळहून निघणारी ताप्ती खोऱ्याची आगगाडी जळगाव, अमळनेर, नंदुरबार, नवापूर असे करीत सुरतेस पोचते. या वाटेने गेल्या काही पिढ्यांत खानदेशातील हजारो कुटुंबे पोटापाण्यासाठी सुरतेस गेली, आणि लिंबायत, उधना, डिंडोली, पांडेसरा या भागांत आज मराठी बोलणाऱ्यांची मोठी वस्ती आहे. यंत्रमागावर पाळ्या करून, एका खोलीत दाटीवाटीने दिवस काढून, यांपैकी पुष्कळांनी लहानसे घर बांधले. पुढे त्यावर मजला चढविला आणि त्यातील खोल्या भाड्याने दिल्या. कालचा भाडेकरू आज घरमालक झाला. कष्टाचे असे चीज झाले याचा आम्हांस आनंदच आहे.

हा घरमालक काही बडा शेठ नव्हे. त्याच्यापाशी मुनीम नाही, वकील नाही. भाडे तोच मागतो, गळका नळ तोच दुरुस्त करवितो, पाण्यावरून पेटलेले भांडण तोच मिटवितो. सारा व्यवहार बहुधा तोंडी चालतो. 'आपलाच माणूस आहे, कागद कशाला?' असे तो म्हणतो. शब्दावरचा हा विश्वास चांगला खरा. परंतु अनामत किती दिली, कोणत्या महिन्याचे भाडे थकले, विजेचे बिल कोणी भरायचे, असा वाद उभा राहिला की शब्दाला साक्षीदार मिळत नाही, आणि मग आपलाच माणूस वैरी होतो.

कागद टाळण्यामागे आणखी एक भय असते. पावती दिली तर भाडेकरू हक्क सांगेल आणि खोली कायमची जाईल, असे पुष्कळांना वाटते. हे भय अगदीच निराधार नाही. जुन्या भाडेकरूंनी नाममात्र भाड्यावर वर्षानुवर्षे जागा अडविल्याची उदाहरणे प्रत्येक जुन्या शहरात आहेत. परंतु पावती न देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. जो ताब्यात आहे आणि भाडे भरतो तो पावतीवाचूनही कायद्याने भाडेकरूच ठरतो. पावती न देऊन मालक त्याचा हक्क बुडवू शकत नाही. तो केवळ स्वतःचा पुरावा बुडवितो!

इतिहास ध्यानी घ्यावा. १९४७ साली मुंबई प्रांताने भाडेनियंत्रणाचा कायदा केला, तेव्हा सुरतही त्या प्रांतात होती आणि बेळगावही होते. १९५६ साली बेळगाव म्हैसूर राज्यात गेले आणि तेथे १९६१ चा निराळा कायदा आला. १९६० साली गुजरात वेगळे झाले, त्याने जुनाच कायदा चालू ठेवला. महाराष्ट्राने १९९९ साली नवा केला. राज्यांच्या सीमा बदलल्या, कायद्यांची नावे बदलली. परंतु घेतलेल्या भाड्याची लेखी पावती द्यावी आणि भाडेकरूस हुसकण्यासाठी त्याचे वीज-पाणी तोडू नये, ही मूळ कायद्याची शिकवण कोठेही शिळी झालेली नाही.

अकरा महिन्यांच्या कराराविषयीही गैरसमज फार आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याने एक वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदविणे सक्तीचे आहे. ती नोंदणी टाळण्यासाठी अकरा महिन्यांची रूढी पडली. मुदत संपली म्हणून भाडेकरूचे सामान रस्त्यावर फेकण्याचा परवाना या कागदाने मिळत नाही. मालकास न्यायालयाचीच पायरी चढावी लागते. आणि तेथे तोंडी सबब नव्हे, कागदच कामी येतो.

२०२० च्या टाळेबंदीत या व्यवहाराची खरी कसोटी लागली. सुरतेचे माग थांबले, मजुरी थांबली, आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत परप्रांतीय कामगार गावी जाऊ द्या म्हणून रस्त्यावर आले. मजुरांकडे एक महिन्याचे भाडे मागू नये, असा आदेश केंद्र सरकारने २९ मार्च २०२० रोजी काढला होता. तो माणुसकीचाच होता. परंतु ज्याचे घर त्याच भाड्यावर चालते त्याच्या चुलीचे काय, याचे उत्तर त्यात नव्हते. अशा वेळी ज्याची वही चोख असेल त्यालाच काय सोडले, काय पुढे ढकलले, हे भाडेकरूशी बसून मिटविता येते. वही नसेल तर उपकार विसरला जातो आणि थकबाकी तेवढी लक्षात राहते.

म्हणून आमचे सांगणे थोडक्यात असे. भाड्याची स्वतंत्र वही ठेवा. दर महिन्यास पावती द्या. अनामत बेताची घ्या. केंद्राने २०२१ साली राज्यांपुढे ठेवलेल्या नमुना कायद्यात राहत्या घरासाठी ती दोन महिन्यांच्या भाड्याहून अधिक नसावी असे म्हटले आहे. भाड्यातील काही भाग दुरुस्तीसाठी बाजूस काढा; ऑगस्ट २००६ च्या पुरात ज्यांचे तळमजले बुडाले त्यांना याचे महत्त्व सांगावयास नको. आणि खोलीत माणसे कोंबू नका. यंत्रमागाच्या दोन पाळ्यांचे कामगार एकाच अंथरुणावर आळीपाळीने निजतात अशा खोल्या सुरतेत आहेत. त्यांचे भाडे भरघोस येत असेल. परंतु १९९४ च्या प्लेगने हादरलेल्या शहराने तरी दाटी आणि घाण यांची किंमत विसरू नये.

आमच्या सीमाभागातही माडीवरची खोली विद्यार्थ्याला वा कामगाराला देणारी घरे गल्लोगल्ली आहेत. त्यांनाही हेच लागू आहे. परक्या गावी खोली मागताना 'तुम्ही कोठले?' या प्रश्नातला थंडपणा ज्याने अनुभवला, त्याने आपल्या दारी आलेल्यास तोच प्रश्न त्याच सुरात विचारू नये. भाषा कोणतीही असो, भाडे वेळेवर देणारा आणि घर नीट ठेवणारा तो चांगला भाडेकरू. आणि पावती देणारा तो चांगला मालक. मालकी खरेदीखताने मिळते. पत मात्र अशा रोजच्या चोख व्यवहारानेच मिळते.