गोधडीवरच्या बाया



घरात जुनी लुगडी साठली की ती बोहारणीला देऊन भांडे घ्यायची आपल्याला घाई होते. या वेळी जरा थांबा. त्यांची गोधडी शिवा आणि तिच्यावर आपल्या साहित्यातल्या बायांना जागा द्या. ठिगळांची लाज कशाला? भिक्खूंचे चीवरही तुकडे जोडूनच शिवतात. मगधातल्या बांधबंदिस्तीच्या शेतांवरून आनंदाने त्याची रचना केली, असे विनयपिटकात सांगितले आहे.

गोधडी अंगाखाली जाते, तान्हे मूल तिच्यावर शू करते. म्हणून भगवान बुद्ध, बाबासाहेब, सावित्रीमाई, रमाई यांची चित्रे तिच्यावर नकोत. त्यांची जागा भिंतीवर आणि मनात. गोष्टीतली बाई मात्र आपल्याबरोबर जमिनीवर बसणारी. उन्हाळ्यात आम्ही वस्तीतल्या बायांनी दुपारी विहारात बसून अशी एक गोधडी शिवली. तिच्यावर तिघी आहेत.

पहिली, जोतीराव फुले यांच्या १८५५ सालच्या 'तृतीय रत्न' नाटकातली कुणबीण. ती गरोदर असताना जोशी ग्रहांची भीती घालून तिला लुबाडतो. शेवटी ती आणि तिचा नवरा शिकायचे ठरवतात. तिच्यासाठी आम्ही काळ्या कापडाची पाटी कापली.

दुसरी, अण्णाभाऊ साठे यांच्या 'फकिरा'तली राधा. १९५९ची ही कादंबरी अण्णाभाऊंनी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आहे. गावासाठी जोगणी आणताना नवरा मारला जातो, तरी राधा उभी राहते आणि फकिरासारखा मुलगा वाढवते. तिच्यासाठी भाकरी.

तिसरी, ऊर्मिला पवार यांच्या 'कवच' कथेतली गौऱ्याची आई. ती बाजारात आंबे विकते. आंब्यांच्या नावाने पुरुष घाणेरडे बोलतात, म्हणून आईने जाऊच नये असे पोराला वाटते. ती जाते, आणि बोलणाऱ्याला त्याच्याच तोंडावर उत्तर देते. तिच्यासाठी पिवळा आंबा.

सुई आज्यांच्या हातात, पुस्तक नातींच्या हातात, असे आमचे ठरले होते. एकीने विचारले, "ह्या तर गोष्टीतल्या, खोट्या बाया. त्यांचा एवढा मान कशाला?" त्यावर वाद झाला. उत्तर मिळाले ते 'कवच' वाचताना. भाजी विकून चार मुले वाढवलेल्या एका आजींची सुई थांबली. त्या म्हणाल्या, "मलाबी असंच बोलायचे. घरी कदी सांगितलं न्हाई." वाचणारी त्यांचीच नात होती. तिने पुस्तक मिटले आणि आजीजवळ सरकली. त्या दुपारी शिवण पुढे गेली नाही, पण आजी बोलत राहिल्या. गोष्टीतली बाई आधी बोलली, म्हणून खरी बाई बोलू शकली. 'खोट्या बाया' हा शब्द नंतर कुणी काढला नाही.

आता कृती. सुती लुगडीच घ्या. नायलॉन सरकते आणि घाम टिपत नाही. कपडे धुऊन, कडक उन्हात वाळवा. सहा फूट लांब, चार फूट रुंद अस्तर अंथरून त्यावर जुन्या कापडाचे दोन-तीन थर सारखे पसरा. वरच्या कापडावर चित्रांची ठिगळे आधी शिवून घ्या आणि ते कापड थरांवर घाला. सगळे थर लांब कच्च्या टाक्यांनी धरा. मग काठापासून आत, रांगेला रांग लावत धावदोरा घाला. शेवटी कच्चे टाके उसवा. दोरा दुहेरी घ्या, म्हणजे धुण्यात टिकेल.

आमच्या गोधडीवर एक चौकोन कोरा आहे. त्यावर कोणती बाई घ्यायची ते मुलींनी पुस्तके वाचून ठरवायचे आहे. तुमच्या गोधडीवरही असा एक चौकोन ठेवा. आणि शिवताना आजीला विचारा, तिच्यावर काय गुदरले ते. जयभीम!