कजागांची कैफियत

गेल्या पंधरवड्यात पुण्यातल्या एका सभागृहात एका व्युत्पन्न गृहस्थांनी भाषा आणि लोकस्वभाव या विषयावर व्याख्यान दिले, व त्यात त्यांनी जो अपूर्व सिद्धांत मांडला, त्याने माझ्यासारख्या निद्राप्रिय श्रोत्याचीही झोप उडाली. सिद्धांत थोडक्यात असा: कजाग, कैदाशीण, जहांबाज, त्राटिका, कर्कशा, जाखीण, सटवी अशा शब्दांची मराठीत जी रेलचेल आहे, ती निष्कारण नव्हे, ज्या वस्तूचा सुकाळ तिलाच नावे पुष्कळ, सबब मराठी स्त्री स्वभावतःच तापट, आणि त्यातले विशेष झोंबणारे शब्द यावनी असल्यामुळे त्यांचे पाप आपल्या माथी नाही. म्हणजे स्वभाव आमच्या बायकांचा, शिवी परक्यांची, आणि शिवी देणारा पुरुष तेवढा बाइज्जत बरी!

नावे पुष्कळ म्हणून वस्तू पुष्कळ, या न्यायाने विष्णू हजार मानावे लागतील. तेव्हा त्या मुद्द्याला एवढे उत्तर पुरे.

माझे खरे भांडण आहे ते 'कजाग' या शब्दासाठी, कारण तो जणू चुलीपाशीच जन्मला अशा थाटात वक्त्यांनी त्याचा उल्लेख केला. १९३२ ते १९३८ या काळात याच पुण्यातून निघालेला महाराष्ट्र शब्दकोश उघडून पाहण्याचे कष्ट त्यांनी घेतले असते, तर या शब्दाचे गोत्र फारसी 'कज्जाक'शी जुळते हे त्यांना कळते. तुर्की भाषांत कझाक म्हणजे कोणाचीही ताबेदारी न पत्करता स्वतःच्या हिमतीवर हिंडणारा स्वैर पुरुष. मध्य आशियातल्या कझाकांचे आणि रशियाच्या कोसॅक घोडेस्वारांचे नावही याच मुळातून निघाले. फारसीत येईतो त्याला वाटमाऱ्या, लुटारू असा अर्थ चिकटला, तरीही तो पुरुषच राहिला, घोड्यावरच राहिला, आणि छापे घालून पसार होणाऱ्या फौजेच्या लढाईला 'कज्जाकी' म्हणताना शत्रूच्याही मनात धास्ती असे. पुढे घोडा गेला, भाला गेला, मुलूखगिरी सरली, आणि सर्व साज उतरल्यावर उरलेला हा शब्द आम्ही माजघरात नेऊन, जिच्या हाती लाटण्यापलीकडे हत्यार नाही, तिच्या नावे दाखल केला. आज कजाग सासू असते, कजाग सून असते, कजाग शेजारीण असते. कजाग मामलेदार मात्र कोणी पाहिलेला नाही, कारण तो कडक शिस्तीचा असतो.

'जहांबाज'ची हकीकत याहून वेगळी नाही. 'बाज' म्हणजे फारसीत खेळणारा, पणाला लावणारा. मग पहिले पद जान असो की जहान, शूराला मिरवता यावी अशी ही पदवी आहे. जाखीण म्हणजे यक्षिणी. सटवी म्हणजे षष्ठी, जी पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी नशीब लिहिते. शब्द यावनी म्हणून पाप परक्याचे, हा बचाव या दोघींपुढे टिकत नाही. आणि नवरात्रात तांबड्या जोगेश्वरीपुढे लोटांगण घालणारे आम्हीच दसरा उलटताच घरच्या बाईला 'आली भवानी' म्हणतो, तेव्हा तो यवन कोठून येतो?

येथे भाषाशुद्धीच्या जुन्या वादाची आठवण होते. तेव्हाही फारसी शब्द हद्दपार करण्याचा हुकूम काढणारे पुष्कळ होते, आणि 'हुकूम', 'हद्द' हेही त्याच वाटेने आले, एवढे म्हटल्याबद्दल मला दोन वर्षे एका मित्रमंडळात चहा मिळाला नाही. असो.

त्राटिकेचे तर ऐकाच. रामायणातली ही ताटका सुकेतू यक्षाची रूपवती कन्या; अगस्त्याच्या शापाने तिचा पती सुंद मेला, म्हणून ती संतापून त्या ऋषीवर धावली, आणि त्याच ऋषीच्या दुसऱ्या शापाने विद्रूप राक्षसी झाली. दोनदा रागावलेला ऋषी वंद्यच राहिला, एकदा रागावलेली विधवा मात्र शिवी झाली! म्हणूनच आमच्यात तापट पुरुष जमदग्नी किंवा दुर्वास ठरतो आणि तापट स्त्री हडळ. आग्यावेताळ पुरुषालाही म्हणतात, हे मान्य. पण एका वेताळाने ही वही बरोबर होत नाही. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरचे 'द टेमिंग ऑफ द श्रू' मराठीत आणले तेही 'त्राटिका' याच नावाने. आणि इंग्रजीतला तो 'श्रू', म्हणजे चिचुंदरीसारखा एक प्राणी, मनुष्याला लावला गेला तो प्रथम दुष्ट पुरुषांना. तेव्हा ही खोड एकट्या मराठीची नव्हे.

मग आमचे मंडन काय? ते लहान आहे. हे शब्द टाकू नयेत. ते बाईच्या स्वभावाचा दाखला म्हणून न वाचता बोलणाऱ्याच्या गैरसोयीची नोंद म्हणून वाचावेत.

रेशनच्या दुकानापुढे मी एकदा रांगेत उभा असताना, पदर खोचलेल्या एका पन्नाशीच्या बाईंनी दुकानदाराला तराजूचे पारडे उलटे करायला लावले, तो तळाशी चिंचेचा गोळा चिकटवलेला निघाला. माझ्या मागचे छत्रीवाले गृहस्थ तोंड वाकडे करून म्हणाले, "काय कजाग बाई आहे!" कोणाची ताबेदारी न पत्करणारा, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ मला तेव्हा ठाऊक नव्हता, त्यांना बहुधा आजही नसेल. त्या दिवशी मात्र रांगेतल्या सर्वांना, छत्रीवाल्यांनाही, साखर पुऱ्या वजनाची मिळाली.