शिकलेलं वाया जाऊ नये!

बारावीचा निकाल लागला की ‘कोकण विभाग राज्यात पहिला’ ही बातमी वाचायची आपल्याला आता सवय झाली आहे. अभिमान वाटतोच. पण त्या यादीतल्या आपल्या मुलींचं पुढच्या दोन-तीन वर्षांत काय होतं? बचत गटांच्या बैठकांना गावोगाव जाते तेव्हा एक वाक्य हमखास ऐकू येतं, ‘एफ.वाय. केलं हो, पुढे राहिलं.’ कुणाचं लग्न ठरलं, कुणाच्या घरी आजारपण आलं, कुणाला एस.टी.ची वेळ जमली नाही. राहिलं ते राहिलंच, आणि केलं होतं तेही फुकट गेलं.

म्हणून म्हणते मैत्रिणींनो, हल्ली मुलांच्या तोंडी असलेला ‘क्रेडिट’ हा शब्द आपणही समजून घ्यायला हवा.

ज्यांची भावंडं अमेरिकेत आहेत त्यांनी ‘ए.पी.’ हे नाव ऐकलं असेल. तिथे शाळेत असतानाच कॉलेजच्या पातळीचा एखादा विषय शिकता येतो. मे महिन्यात परीक्षा होते आणि 5 पैकी 3 किंवा अधिक गुण मिळाले की बरीच कॉलेजं त्या विषयाचं क्रेडिट देतात. काही कॉलेजांना 4 किंवा 5 लागतात, तो भाग वेगळा. आणखी एक सोय म्हणजे शाळकरी मुलगी जवळच्या कॉलेजच्या वर्गात बसते आणि तिचा तो अभ्यास शाळेत आणि कॉलेजात, दोन्हीकडे धरला जातो. पुढे तेवढी फी वाचते आणि वेळही.

मग आपल्याकडे काय? 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर 2023 मध्ये केंद्राने क्रेडिटचा राष्ट्रीय आराखडा आणला. हिशोब सोपा आहे. 30 तासांचा अभ्यास म्हणजे 1 क्रेडिट आणि वर्षाचे 1200 तास म्हणजे 40 क्रेडिट. हा हिशोब शाळेलाही लावलाय. 2024 मध्ये सी.बी.एस.ई.ने सहावी, नववी आणि अकरावीला त्याचा प्रयोग करण्यासाठी शाळांना बोलावलं.

इथे एक गैरसमज होतो. शाळेत क्रेडिट मिळाले म्हणजे कॉलेजचं वर्ष वाचलं, असं नाही! या आराखड्याच्या पायऱ्या आहेत. दहावी तिसरी पायरी, बारावी चौथी, आणि पदवीचं पहिलं वर्ष साडेचारावी. खालच्या पायरीवरचे क्रेडिट वरच्या पायरीच्या हिशोबातून वजा होत नाहीत. तेव्हा ‘बारावीतच डिग्रीचे क्रेडिट’ असं सांगून कुणी क्लासची फी मागितली, तर ‘कुठल्या विद्यापीठात धरणार? लेखी द्या’ एवढं विचारायला विसरू नका.

मात्र आधी शिकलेलं पुढे धरण्याची एक जुनी वाट आपल्याकडे आहे, आणि तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. ती म्हणजे पॉलिटेक्निक. बारावी सायन्स किंवा दहावीनंतर दोन वर्षांचा आय.टी.आय. केलेल्या मुलीला नियमांत बसत असेल तर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. डिप्लोमा झालेलीला तसाच इंजिनीअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला. आता गणित मांडून बघा. दहावीनंतर अकरावी-बारावी आणि चार वर्षं इंजिनीअरिंग म्हणजे सहा वर्षं. दहावीनंतर तीन वर्षं डिप्लोमा आणि मग तीन वर्षं इंजिनीअरिंग म्हणजेही सहाच. पण दुसऱ्या वाटेवर तिसऱ्या वर्षी हातात नोकरीजोगा कागद असतो. मध्येच काही अडलं तरी मुलगी रिकाम्या हाताने घरी येत नाही. रत्नागिरीत शासकीय तंत्रनिकेतन आहे, चौकशीला मुंबईला जायला नको.

कला, वाणिज्य, विज्ञानाच्या मुलींसाठी 2021 मध्ये क्रेडिटची बँक सुरू झाली. बचत गटाच्या पासबुकासारखंच समजा. कॉलेजात मिळवलेले क्रेडिट विद्यार्थिनीच्या नावावर जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत चालतात. पहिलं वर्ष पुरं करून, वर 4 क्रेडिटचा कौशल्याचा अभ्यास केला तर सर्टिफिकेट मिळतं. तसाच दोन वर्षांनी डिप्लोमा, तीन वर्षांनी पदवी. सोडून गेलेलीला तीन वर्षांच्या आत परत येता येतं. म्हणजे राजापुरात एफ.वाय. केलेली मुलगी लग्न होऊन पनवेलला गेली, तरी तिथल्या कॉलेजात पुढे शिकण्याची वाट उघडी राहते. हे खरोखर कामाचं आहे.

पण पासबुकावरचं नाव जुळायला हवं ना! ‘अपार’ या 12 अंकी नंबरसाठी आधारवरचं नाव आणि शाळेतलं नाव एकच लागतं. कुठे वडिलांचं नाव चुकलेलं असतं, कुठे जन्मतारीख. हे शाळेत असतानाच दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे लग्नानंतर नाव बदलतं, तेव्हा विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवा. आणि मुलीला परत यायला तीनच वर्षं आहेत, हे लग्नाच्या बैठकीतच सासरच्यांच्या कानावर घाला. देण्याघेण्याच्या गोष्टी बोलतो, मग ही का नको?

सरकारकडेही एक मागणं आहे. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी ज्युनिअर आणि सीनिअर कॉलेज एकाच आवारात असतात. रत्नागिरीत गोगटे-जोगळेकर महाविद्यालयातही तसंच आहे. अकरावीतल्या हुशार मुलीला शेजारच्या इमारतीतला एफ.वाय.चा एखादा विषय शिकू दिला आणि ते क्रेडिट तिच्या नावावर ठेवलं, तर नवीन इमारत लागणार नाही की बस लागणार नाही. बारावीपर्यंत मुलींना एस.टी.चा पास मोफत असतो, घरचेही तोवर शिकवायला तयार असतात. बारावी झाली की मुलगी अठराची होते आणि स्थळं येऊ लागतात. जे काही जास्तीचं पदरात पाडायचं, ते त्याआधी पडलं तर बरं नाही का?

आपल्याच जिल्ह्यातले महर्षी कर्वे मुलगे असताना परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्याला 110 मैल चालत गेले होते. ‘वयाने लहान दिसतोस’ म्हणून त्यांना परीक्षेला बसूच दिलं नाही. काय येतं ते कुणी विचारलंच नाही! त्याच कर्व्यांनी 1916 मध्ये बायकांसाठी विद्यापीठ काढलं आणि मातृभाषेतून शिकायची सोय केली. वय बघून माघारी पाठवण्याची पद्धत बदलायला आता इतकी वर्षं थांबायला नको.

येत्या पालकसभेला जाल तेव्हा गुणांबरोबर एवढं नक्की विचारा, ‘माझ्या मुलीचं नाव बरोबर नोंदलंय ना, आणि तिने शिकलेलं पुढे कुठे कुठे धरलं जाईल?’ एकीने विचारलं तर शिक्षक ऐकून घेतील. दहाजणींनी विचारलं तर त्यांना उत्तर शोधावं लागेल.