टर्बो इंजिनचं काम सुरू करताय? पार्ट नंतर, मापं आधी!

परवा पुसेगावचा एक तरुण भेटला. डिझेल मेकॅनिकचा आयटीआय, हिंगोलीच्या गॅरेजात चार वर्षं हात काळे केलेले. आता गावातच इंजिन कामाचं दुकान टाकतोय. वडिलांनी हळदीच्या पट्टीतून दीड लाख दिलेत. त्यानं विचारलं, "सर, टर्बो गाड्यांसाठी फोर्ज्ड पिस्टन भरून ठेवू का? व्हिडिओत सगळे तेच घालतात."

माझं मत स्पष्ट आहे. नको!

फोर्ज्ड पिस्टन वाईट नाही. प्रेशर वाढवून शर्यतीत पळवायच्या गाडीला तो लागतोच. पण तो तापला की जास्त फुगतो, म्हणून सिलिंडरमध्ये फट जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिन खडखड करतं. तुमच्या गिऱ्हाइकाला पिकअपमधून माल मोंढ्यावर न्यायचाय. कंपनीचा टर्बो डिझेल पिस्टन त्याच कामासाठी बनवलेला असतो. बहुतेकांत वरच्या रिंगच्या खाचेला बिडाचं कडं असतं, खालून ऑइलचा फवारा मारून तो थंड ठेवतात.

मग पैसे कुठे घालायचे? बोअर गेज आणि मायक्रोमीटरमध्ये. बोअर वर, मध्ये, खाली मोजा, तेही दोन्ही दिशांनी. झीज कळली की ओव्हरसाइज ठरतो, 0.25 की 0.50. मग पिस्टन मागवा, तो हातात आल्यावरच लेथवाल्याला बोअर मारायला सांगा. उलटं केलं की फसलात. रिंग सिलिंडरमध्ये ठेवून तिच्या टोकांची फट फिलर गेजनं बघा. टर्बोत उष्णता जास्त. फट कमी पडली तर टोकं एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते. हेड गॅस्केटचंही तसंच. बऱ्याच डिझेल इंजिनांत ते वेगवेगळ्या जाडीचं मिळतं. पिस्टन ब्लॉकच्या वर किती येतो ते मोजून जाडी निवडायची. "जुनं होतं तसंच द्या" हे दुकानदाराला सांगायचं वाक्य नाही.

आणि सगळ्यात आधी, जुना पिस्टन मेला कशानं ते शोधा. एका गॅरेजात मी पाहिलंय, पिस्टनला भोक पडलेलं, नवा किट टाकला, पण इंजेक्टर टेस्टिंगला पाठवले नाहीत. थेंब गाळणारा इंजेक्टर तसाच राहिला. महिन्याच्या आत गाडी टोचन होऊन परत दारात! समजा मजुरी 12 हजार ठरली होती. दुसऱ्यांदा ती शून्य, वरून गॅस्केट, ऑइल आणि पिस्टन तुमच्या खिशातून. पार्टवरचं कमिशन त्यात कुठल्या कुठे गेलं.

गिऱ्हाईक म्हणेल, "बेअरिंग स्वस्तातलं टाका, मिस्त्री." तिथं तुम्ही नाही म्हणायचं. टर्बोचा दांडा इंजिनच्याच ऑइलवर फिरतो. बेअरिंगचा चुरा ऑइलमध्ये आला की टर्बोही गेला. तुटलेल्या पार्टचे कण इंटरकूलरमध्ये अडकतात, तोही धुऊन घ्या, त्याचे वेगळे पैसे लावा. बिलावर प्रत्येक माप लिहा, आधीचं आणि नंतरचं.

त्या पोरानं पिस्टनची ऑर्डर थांबवलीय. आता विचारतोय, बोअर गेज नवं घेऊ का जुनं? नवं घे बाबा, आणि सेट करायची रिंगही सोबत घे.