दोन बोटांची उंची

या सदरातून आजवर पिठाची गिरणी, शिवणयंत्र, विहिरीवरचा पंप अशा घरगुती यंत्रांविषयी लिहिले. मोटारीकडे वळण्याचा विचार नव्हता. पण गेल्या पौषात विषय आपल्या पायांनी, किंबहुना आपल्या चाकांनी, दारात येऊन उभा राहिला.

साताऱ्याला दिलेल्या माझ्या थोरल्या बहिणीचा, आक्काचा, धाकटा मुलगा पुण्यास नोकरी करतो. त्याने जुन्या बाजारात एक ऑडी टीटी घेतली. दोन दारांची, बुटकी, देखणी गाडी. माझ्या मातोश्रींना कुंभोजच्या बाहुबलीला जायचे होते, तेव्हा त्याने निरोप धाडला, "मामा, आजीला मीच नेणार, माझ्या गाडीतून." शनिवारी रात्री साताऱ्यात मुक्काम करून रविवारी पहाटे तो निघाला आणि सातच्या सुमारास सांगलीत आमच्या विश्रामबागेतील घरापुढे गाडी उभी राहिली.

गाडी मूळच्यापेक्षा खाली बसलेली दिसत होती. मडगार्ड आणि टायर यांच्यामध्ये माझे बोटही धड जाईना. "नव्या स्प्रिंगा घातल्या, मामा. ३५ मिलिमीटर खाली घेतली. शिवाय पुढे १५ आणि मागे २० मिलिमीटरचे स्पेसर," तो अभिमानाने म्हणाला. मातोश्रींचे वय ८२. दाराला धरून त्या वाकल्या, आसनाकडे पाहिले आणि म्हणाल्या, "अरे, ही गाडी आहे का जेवायला बसायचा पाट?"

हसण्यावारी गेले असते. पण चहा पिता पिता तो सहज बोलून गेला, की कराड सोडल्यावर ताशी ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरू लागले होते. "टायरचा बॅलन्स असेल." मी कप खाली ठेवला. बाहुबलीला आमच्या जुन्या गाडीने जाऊ आणि दुपारी निघू, असे घरात सांगून टाकले. चाळीस वर्षे यंत्रशास्त्र शिकवलेल्या माणसाला थरथरणारे स्टिअरिंग दारात ठेवून देवदर्शनाला जाणे जमत नाही.

प्रथम त्याची बाजू मांडतो, कारण ती अगदीच पोकळ नाही. गाडी वळते तेव्हा आतल्या चाकांवरचा काही भार बाहेरच्या चाकांवर सरकतो. किती सरकेल, हे गुरुत्वमध्याची उंची आणि डाव्या-उजव्या चाकांमधील रुंदी यांच्या गुणोत्तरावर ठरते. गुरुत्वमध्य ५०० मिलिमीटरवर आहे असे धरले आणि गाडी ३५ मिलिमीटर खाली आली, तर सरकणारा भार सात टक्क्यांनी घटतो. स्पेसर म्हणजे चाक आणि हब यांच्यामध्ये बसवायची ॲल्युमिनियमची चकती. तिच्यामुळे दोन्ही चाके बाहेर सरकतात, रुंदी वाढते आणि आणखी दोन-अडीच टक्के पदरात पडतात. यवतेश्वरच्या घाटातून कासकडे चढताना मला फरक जाणवतो, असे भाचा सांगतो. मी नाकारत नाही. तरुणपणी आम्ही सायकलचे हँडल उलटे फिरवून वेगाचा जो अनुभव घेत होतो, तोही खराच होता.

मात्र हिशेबाची दुसरी बाजू आहे. चाकाला वर सरकण्यास मूळ गाडीत ७० मिलिमीटर जागा होती असे समजू. गाडी ३५ ने खाली घेतली की उरली निम्मी. खड्ड्याचा तोच धक्का निम्म्या अंतरात जिरवायचा असेल, तर स्प्रिंग दुप्पट नव्हे, चौपट ताठर लागते. कारण साठवलेली ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असते. चौपट ताठर स्प्रिंग कोणी घालत नाही, घातली तर गाडीत बसवणार नाही. बाजारातल्या स्प्रिंगा थोड्या ताठर असतात आणि उरलेला धक्का शॉक अब्सॉर्बरच्या दांड्यावरचा रबरी ठोकळा सोसतो. तो चेपला की पुढचा धक्का थेट सांगाड्याला, आणि सांगाड्यावरून बसलेल्याच्या मणक्याला. जुने शॉक अब्सॉर्बर तसेच ठेवून केवळ स्प्रिंगा बदलल्या, तर स्प्रिंगेची उसळी आवरण्याचे कामही नीट होत नाही. भाच्याने तेच केले होते. स्प्रिंगेचे वेढे कापून गाडी खाली घेणारे महाभाग आहेत, त्यांच्याविषयी लिहिण्यात अर्थ नाही.

आणखी एक गंमत आहे आणि ती पुष्कळ मेकॅनिकांनाही ठाऊक नसते. पुढच्या चाकाला धरणारा खालचा दांडा गाडी खाली आली की तिरका होतो. त्यामुळे वळणावर गाडीचे अंग ज्या बिंदूभोवती कलते, तो बिंदू गुरुत्वमध्यापेक्षाही अधिक खाली उतरतो. दोहोंमधले अंतर, म्हणजे गाडीला कलवणारी तरफ, कमी होण्याऐवजी वाढते. उंची कमी केली म्हणून कलणेही कमी झाले, हा समज त्यामुळे नेहमीच खरा ठरत नाही. शिवाय चाके वरून आत झुकतात, टायरची आतली कड आधी झिजते. अलाइनमेंट पुन्हा करून घेतले का, असे विचारले. नव्हते.

गतिरोधकांचा प्रश्न मातोश्रींनीच काढला. "आष्ट्याच्या रस्त्याने येताना कसा आलास रे?" इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रमाणानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर लांब आणि १० सेंटिमीटर उंच असतो. अंगणात टेप लावून पाहिले, तर गाडीचे चेंबर जमिनीपासून साडेनऊ सेंटिमीटरवर होते. कागदावर वाटते, गाडी अडकणार. तसे होत नाही. माथा गाडीच्या मधोमध येतो तेव्हा पुढची-मागची चाकेही उंचवट्यावरच असतात आणि चाकांच्या पातळीपासून माथा जेमतेम साडेचार सेंटिमीटर वर राहतो. प्रमाणात बांधलेला गतिरोधक ही गाडी अलगद ओलांडते. पण आपल्याकडे एखाद्या वळणावर अपघात होतो, गावकरी संतापतात आणि रातोरात हातभर रुंदीचा, वीतभर उंचीचा बांध रस्त्यावर उभा राहतो. तेथे चाके खाली आणि माथा पोटाशी. पोट खरवडल्याच्या दोन ताज्या रेघा भाच्याने मला मुकाट्याने दाखवल्या. उसाचा हंगाम होता. ट्रॅक्टरच्या मागच्या ट्रॉल्यांतून पडलेली कांडी, चिखलाची ढेकळे, साइडपट्टीचा तुटलेला काठ यांचा हिशेब वेगळाच.

या निमित्ताने वालचंद हिराचंदांची आठवण झाली. सोलापूरच्या दोशी घराण्यातल्या या उद्योगपतीने १९४४ मध्ये प्रीमिअर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली, आणि आमच्या सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय त्यांचेच नाव मिरवते. त्या कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या फियाट ११०० च्या पुढच्या चाकांना गुंडाळीच्या स्प्रिंगा असत आणि मागे बैलगाडीच्या काळापासून चालत आलेले कमानपाटे. आमच्या लहानपणी मोठ्या काकांच्या त्या फियाटमधून नऊ माणसे आणि टपावर वळकट्या, असे आम्ही बाहुबलीला गेलेलो आहोत. गाडी मागे टेकत असे, कुरकुरत असे, पण पोहोचवत असे. त्या पाट्यांत मोकळी जागा होती. आमच्या बेशिस्तीला पुरून उरेल इतकी.

असो. जॅक लावला आणि पुढचे डावे चाक सोडले. येथे मात्र विनोद संपला. या जर्मन गाड्यांना हबमध्ये रोवलेले स्टड नसतात. चाकाच्या बाहेरून बोल्ट आत जातात. मध्ये १५ मिलिमीटरची चकती आली, म्हणजे बोल्टही तितकेच लांब हवेत. ढोबळ नियम असा की, बोल्टच्या जाडीइतकी तरी लांबी आट्यांत गुंतली पाहिजे. येथे बोल्ट १४ मिलिमीटर जाडीचा, आटे दीड मिलिमीटरचे. म्हणजे पाना सैल केल्यापासून बोल्ट सुटेपर्यंत नऊ फेऱ्या तरी मोजायला हव्यात. पहिला बोल्ट सहाव्या फेरीला हातात आला. दुसराही. तिसऱ्याला पान्याचा जोर लावावाच लागला नाही, तो आधीच ढिला होता. पुण्यातल्या ज्या गॅरेजात हे काम झाले, तेथे स्पेसरबरोबरचे बोल्ट आखूड पडले असतील किंवा दोन जातींचे मिसळले असतील. शंभर किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने १२० न्यूटन-मीटरला पुन्हा आवळायचे असतात, हेही त्याला कोणी सांगितले नव्हते.

भाचा बराच वेळ तो बोल्ट तळहातावर घेऊन उभा होता. पहाटे महामार्गावर आपण किती वेगाने होतो, ते त्याने मला सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. आक्काचा फोन आला, "पोचला का रे नीट?" तेव्हा "पोचला" एवढेच म्हणालो.

बोल्ट योग्य लांबीचे असते तरी माझा स्पेसरला विरोधच राहिला असता. चाक बाहेर सरकले की बेअरिंगवरची तरफ लांबते. शिवाय, चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष जमिनीला कोठे टेकतो आणि टायरचा मध्य कोठे टेकतो, यांतले अंतर अभियंत्यांनी मोजून ठरवलेले असते. अनेक गाड्यांत ते मुद्दाम उणे ठेवतात, म्हणजे एक चाक वाळूवर आणि एक डांबरावर असताना ब्रेक दाबला तरी गाडी सरळ राहते. उणे दहाला पंधराची चकती लावली की ते अधिक पाच होते, आणि गाडी बाजूला ओढू लागते. देखणेपणासाठी दिलेली ही किंमत मला परवडत नाही.

कायद्याचेही सांगितले पाहिजे, कारण घरोघरी ही हौस आहे. मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करू देत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधील एका प्रकरणात ते काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनुसार अनधिकृत बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. "आरसीवर उंची लिहिलेली नसते, मामा," असा युक्तिवाद भाच्याने केला. तो न्यायालयात टिको न टिको, अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक गाडीखाली वाकतो तेव्हा हीच नवी स्प्रिंग त्याला आधी दिसेल.

स्पेसर त्याच दिवशी निघाले. मूळ बोल्ट डिकीत पिशवीत होते, हे नशीब. मी टॉर्क पाना धरला, त्याने आकडा वाचला. दुपारी आमच्या जुन्या गाडीत मातोश्री पुढे बसल्या आणि भाच्याने ती हातकणंगल्याच्या रस्त्याने इतकी जपून चालवली, की मागून हॉर्न वाजू लागले.

स्प्रिंगांबद्दल अजून एकमत झालेले नाही. मूळच्या चारही स्प्रिंगा त्याने पुण्याहून आणून आमच्या माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. परवा त्याचा फोन होता. मूळ स्प्रिंगा परत घालायला किती वेळ लागेल, असे विचारत होता. आणि लगेच, "आजीला सांगू नका" असेही. मातोश्री शेजारीच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "त्याला म्हणावं, पाट उचलून ठेवलास की मला बोलाव."